मोडेम वेगवान, तरी फाइल सावकाश का?

समजा, आपण सांगलीत आहोत आणि साताऱ्यातल्या मित्राला दोनशे पानांचे हस्तलिखित पोस्टाने पाठवायचे आहे. त्यासाठी एक विचित्र नियम घालून घेऊ. एका पाकिटात एकच पान घालायचे, पाकीट रजिस्टर करायचे आणि पोचपावती हातात आल्याशिवाय पुढचे पान टपालात टाकायचे नाही. पाकीट जायला दोन दिवस आणि पावती यायला दोन दिवस धरले, तर सगळे हस्तलिखित पोचायला आठशे दिवस, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ लागेल. एकही पान हरवणार नाही, हे खरे. पण टपालगाडी थोडी जोरात हाकून या आठशे दिवसांचे शंभर दिवस होणार नाहीत. वेळ खर्च होतो तो मुख्यतः पावतीची वाट पाहण्यात.

१९९० च्या दशकात टेलिफोनच्या तारेवरून संगणकाच्या फाइली मागवणाऱ्या अनेकांची गत अशीच होत असे. जास्त वेगाचा मोडेम घेतला तरी फाइल त्या प्रमाणात लवकर येत नसे. खोट बहुतेक वेळा मोडेममध्ये नसून संगणकावरच्या टर्मिनल सॉफ्टवेअरमध्ये आणि त्यात निवडलेल्या पद्धतीत असे. ही निवड कशी करायची, याचा विचार या लेखात करू. तो काळ मागे पडला असला तरी त्यामागचे गणित आजही आपल्या रोजच्या वापरात आहे, आणि ते आठवी-नववीच्या मुलांना वर्गात करून दाखवता येते.

मिनिटामिनिटाचे पैसे

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा सुरू केली. प्रारंभी ती मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास या महानगरांत होती, पुढे पुणे आणि बंगळूर येथेही आली. सातारा किंवा सांगलीच्या माणसाला या सेवेशी जोडून घ्यायचे तर पुण्याला किंवा मुंबईला एसटीडी कॉल करावा लागे. जोडणी चालू असेपर्यंत टेलिफोनचा मीटर पळत राही. रात्री उशिरा एसटीडीचे दर बरेच कमी होत, म्हणून मोठी फाइल मागवायचे काम अनेक जण जेवणखाण उरकून, सामसूम झाल्यावर हाती घेत. १९९८ च्या नोव्हेंबरात खाजगी कंपन्यांना इंटरनेट सेवा देण्याची मुभा मिळाली आणि त्यानंतर हे चित्र हळूहळू बदलले.

त्या काळी स्वस्तात मिळणारे खाते ‘शेल’ खाते म्हणून ओळखले जाई. त्यात चित्रे नसत, पडद्यावर फक्त अक्षरे येत. दूरच्या मोठ्या संगणकावर आपण आज्ञा टंकायची आणि त्याने उत्तर द्यायचे. अशा खात्यावर परदेशातली एखादी फाइल मागवली की ती आपल्या घरी येत नसे. ती आधी सेवा देणाऱ्याच्या संगणकावर उतरे. तेथून आपल्या टेबलावरच्या संगणकापर्यंतचा दुसरा टप्पा टेलिफोनच्या तारेवरून पार करावा लागे. हा दुसरा टप्पा सांभाळणे हे टर्मिनल सॉफ्टवेअरचे काम होते.

टर्मिनल सॉफ्टवेअर काय करते?

मोडेम संगणकाकडून येणाऱ्या बिट्सचे टेलिफोनला झेपतील अशा ध्वनिसंकेतांत रूपांतर करतो आणि पलीकडून आलेल्या संकेतांचे पुन्हा बिट्समध्ये. त्याला स्वतःची बुद्धी बेताचीच. ‘एटीडीटी’ ही अक्षरे आणि पुढे नंबर पाठवला की तो टोन पद्धतीने नंबर फिरवी. जुन्या पद्धतीच्या एक्स्चेंजवर ‘एटीडीपी’ म्हणजे पल्स पद्धत वापरावी लागे. या आज्ञा देणे, आपल्या संगणकाला दूरच्या संगणकाचा कळफलक आणि पडदा बनवणे, आणि फाइलींची ने-आण करणे ही तीन कामे टर्मिनल सॉफ्टवेअर करी.

अक्षरे पडद्यावर दाखवताना एखादे चुकले तर आपण डोळ्यांनी ओळखतो. ‘पुस्तक’ऐवजी ‘पुस्टक’ आले तरी अर्थ लागतो. पण एखाद्या प्रोग्रामच्या फाइलमधला एक बिट बदलला तरी तो प्रोग्राम चालेनासा होऊ शकतो. आणि टेलिफोनची तार काही शांत नसते. जुन्या यांत्रिक एक्स्चेंजमधील खटखट, पावसाळ्यात ओल धरलेले खांबावरचे जोड, लांबवर पडलेली वीज, किंवा घरातल्या कोणी तरी दुसऱ्या खोलीतला रिसीव्हर उचलणे, यांपैकी काहीही झाले की पडद्यावर निरर्थक चिन्हांची रांग उमटे. म्हणून फाइल पाठवताना दोन्ही बाजूंनी काही नियम पाळावे लागतात. तुकडे किती मोठे करायचे, तपासणी कशी करायची, चूक झाली तर काय करायचे, या नियमांच्या संचाला प्रोटोकॉल म्हणतात.

पोचपावतीचा हिशोब

यातला सर्वांत प्रसिद्ध आणि साधा प्रोटोकॉल म्हणजे एक्समोडेम. अमेरिकेतील शिकागोच्या वॉर्ड क्रिस्टेन्सन यांनी तो १९७७ मध्ये लिहिला. त्यात फाइलचे १२८ बाइटचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याला सुरुवातीची खूण, तुकड्याचा क्रमांक, त्याच क्रमांकाचे उलटे रूप आणि शेवटी तपासणीची बेरीज जोडतात. असे हे १३२ बाइटचे पाकीट. घेणारा ते तपासतो आणि बरोबर असेल तर ‘मिळाले’ अशी एका बाइटची पोचपावती पाठवतो. चुकीचे असेल तर ‘पुन्हा पाठव’ म्हणतो. पावती येईपर्यंत पाठवणारा थांबून राहतो. आपल्या हस्तलिखिताचाच नियम.

आता थोडे गणित करू. मोडेमचा वेग बिट्समध्ये सांगतात. प्रत्येक बाइटच्या आठ बिट्सना आरंभाचा एक आणि शेवटाचा एक असे दोन बिट्स जोडले जातात, म्हणून एका बाइटला १० बिट्स धरू. म्हणजे २,४०० बिट्सचा मोडेम सेकंदाला २४० बाइट पाठवतो आणि १४,४०० बिट्सचा १,४४० बाइट. पाकीट संपल्यापासून पावती येईपर्यंत ०.२ सेकंद जातात असे हिशोबासाठी धरले आहे.

२,४०० च्या मोडेमवर १३२ बाइटचे पाकीट जायला ०.५५ सेकंद लागतात. वाट पाहण्याचे ०.२ मिळवून झाले ०.७५. एवढ्या वेळात फाइलचे १२८ बाइट गेले, म्हणजे सेकंदाला सुमारे १७० बाइट.

१४,४०० च्या मोडेमवर तेच पाकीट सुमारे ०.०९ सेकंदात जाते. पण वाट पाहण्याचे ०.२ सेकंद तसेच राहतात. एकूण ०.२९ सेकंद, म्हणजे सेकंदाला सुमारे ४४० बाइट.

मोडेम सहापट वेगवान झाला, पण फाइलचा वेग फक्त अडीचपट वाढला. दर पाकिटामागे दोन तृतीयांशाहून अधिक वेळ तार रिकामी आहे आणि त्या रिकाम्या तारेचेही एसटीडी बिल लागते आहे. एक मेगाबाइटच्या फाइलची अशी ८,१९२ पाकिटे होतात. त्यांच्या पावत्यांची वाट पाहण्यातच २७ मिनिटे जातात. सगळी फाइल यायला सुमारे ४० मिनिटे लागतात. तार अखंड वाहती ठेवली असती, तर हेच काम १२ मिनिटांत झाले असते.

मोडेम जितका वेगवान, तितके वाट पाहण्याचे नुकसान मोठे, ही या हिशोबातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. उपग्रहावरून जाणाऱ्या जोडणीत तर ते आणखी वाढते. उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवर असतो. पाकीट वर जाऊन खाली येणार, मग पावती वर जाऊन खाली येणार. प्रकाशाच्या वेगानेही यात जवळजवळ अर्धा सेकंद जातो.

तपासणी कशी करायची?

एक्समोडेमच्या मूळ रूपात तपासणीसाठी सगळ्या बाइटची बेरीज करून तिचा शेवटचा एक बाइट पाठवत. शाळेतल्या गुणपत्रकाची बेरीज आपण ताडून पाहतो तसेच हे आहे. पण बेरजेला एक मर्यादा आहे. एकाला ३५ आणि दुसऱ्याला ४८ गुण असताना लिहिताना अदलाबदल झाली, तर बेरीज ८३ च राहते आणि चूक लक्षात येत नाही. शिवाय एका बाइटच्या बेरजेला २५६ च किमती असू शकतात. त्यामुळे कसाही बिघडलेला तुकडा २५६ पैकी एकदा योगायोगाने बरोबर ठरू शकतो.

यावर उपाय म्हणजे भागाकाराची बाकी. ३५ आणि ४८ सलग लिहून ३५४८ ही संख्या घ्या आणि ७ ने भागा. बाकी ६ उरते. अदलाबदल केलेली संख्या ४८३५. तिला ७ ने भागल्यावर बाकी ५ उरते. चूक पकडली गेली. संगणकात हीच कल्पना द्विमान पद्धतीच्या एका खास भागाकाराने वापरतात. तिला सीआरसी म्हणतात. १६ बिट्सच्या सीआरसीला ६५,५३६ किमती असतात, ३२ बिट्सच्या सीआरसीला चारशे कोटींहून अधिक. म्हणून सॉफ्टवेअरच्या यादीत ‘एक्समोडेम’ आणि ‘एक्समोडेम सीआरसी’ असे दोन पर्याय दिसले, तर दुसराच निवडावा असा सल्ला दिला जाई.

पाकीट मोठे की लहान?

वाट पाहण्याची वेळ कमी करायची तर पाकिटांची संख्या कमी करावी, हा पहिला विचार सुचतो. चक फोर्सबर्ग यांच्या वायमोडेम या प्रोटोकॉलमध्ये १,०२४ बाइटचे तुकडे करता येतात. आधीच्याच हिशोबाने १४,४०० च्या मोडेमवर एक मेगाबाइटची फाइल ४० ऐवजी सुमारे १६ मिनिटांत येते. वायमोडेम फाइलचे नाव आणि आकारही आधी कळवतो आणि एकामागून एक अनेक फाइली पाठवतो.

मग पाकिटे आणखी मोठी का करू नयेत? कारण एका बिटाच्या चुकीसाठी सगळे पाकीट पुन्हा पाठवावे लागते. समजा, तार खराब आहे आणि दर १०,००० बिट्समध्ये सरासरी एक बिट बिघडतो. १३२ बाइटच्या शंभर पाकिटांपैकी सुमारे ९० सुखरूप पोचतील. १,०२९ बाइटच्या शंभर पाकिटांपैकी फक्त ४४. चूक दुरुस्त करण्याची सोय नसलेल्या २,४०० च्या मोडेमवर अशा तारेचा हिशोब केला, तर लहान पाकिटांनी सेकंदाला सुमारे १५४ बाइट पोचतात आणि मोठ्यांनी फक्त १००. येथे जुना एक्समोडेमच पुढे जातो! म्हणून ‘सर्वांत वेगवान प्रोटोकॉल कोणता’ या प्रश्नाला तार कशी आहे आणि मोडेम कोणता आहे हे विचारल्याशिवाय उत्तर नाही.

पुढच्या काळातील मोडेममध्ये व्ही.४२ या मानकानुसार चूक शोधून दुरुस्त करण्याची सोय मोडेमच्या आतच आली, तेव्हा मोठ्या पाकिटांचा धोका बराच कमी झाला.

न थांबता पाठवणे

फोर्सबर्ग यांनीच १९८६ मध्ये झेडमोडेम तयार केला. त्यात पाठवणारा प्रत्येक पाकिटाच्या पावतीसाठी थांबत नाही. तो पाठवतच राहतो. घेणाऱ्याला चूक आढळली तरच तो ओरडतो: ‘अमुक बाइटपासून पुन्हा पाठव.’ पाठवणारा तेवढा मागे जातो आणि तेथून पुढे चालू करतो. तार चांगली असेल तर ती जवळजवळ सतत भरलेली राहते. आपली एक मेगाबाइटची फाइल तपासणीचा थोडा भार धरूनही १३ मिनिटांच्या आत येते. तपासणीसाठी ३२ बिट्सचा सीआरसी वापरता येतो.

सातारा-सांगलीच्या माणसाला याहून मोलाची वाटे ती झेडमोडेमची दुसरी सोय. रात्री दीड वाजता फाइलचा नव्वद टक्के भाग आला आणि लाइन तुटली, असे वारंवार घडे. एक्समोडेममध्ये पुन्हा पहिल्या बाइटपासून सुरुवात, म्हणजे आधीचे सगळे बिल वाया. झेडमोडेममध्ये घेणारा सांगतो, ‘माझ्याकडे इतके बाइट आधीच आहेत’, आणि पाठवणारा त्यापुढून सुरू करतो. ही सोय ‘क्रॅश रिकव्हरी’ या नावाने ओळखली जाई. टर्मिनल सॉफ्टवेअर निवडताना इतर कशाहीपेक्षा आधी हीच गोष्ट तपासावी लागे. काही सॉफ्टवेअरमध्ये झेडमोडेम असे, पण अर्धवट फाइल पुढे चालू करण्याची सोय बंद ठेवलेली असे आणि ती मेनूत जाऊन चालू करावी लागे.

‘क’ चा ‘३’ होतो

आणखी एका प्रोटोकॉलचा उल्लेख मराठी वाचकांसाठी आवश्यक आहे. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात फ्रँक दा क्रूझ आणि बिल कॅचिंग्ज यांनी १९८१ मध्ये कर्मिट तयार केला. बाहुल्यांच्या एका प्रसिद्ध कार्यक्रमातील बेडकाचे हे नाव. त्याची मूळ पाकिटे जेमतेम ९४ अक्षरांची असत आणि प्रत्येकाची पावती येईपर्यंत थांबावे लागे. आपल्या हिशोबात मूळ कर्मिटला एक मेगाबाइटसाठी तासाहून अधिक वेळ लागेल. मग त्याचा उपयोग काय?

काही मोठे संगणक आणि काही जोडण्या एका बाइटमधील सातच बिट्स पुढे नेत, आठवा बिट गाळून टाकत. इंग्रजी अक्षरांना सात बिट्स पुरतात, म्हणून इंग्रजी मजकूर धडधाकट पोचे. देवनागरीचे तसे नाही. भारतीय लिप्यांसाठीच्या इस्की या मानकात, म्हणजे १९९१ च्या आयएस १३१९४ मध्ये, इंग्रजी अक्षरे खालच्या १२८ जागांत आणि भारतीय अक्षरे वरच्या भागात आहेत. ‘क’ चा क्रमांक १७९. आठवा बिट गाळला की १२८ वजा होतात आणि ५१ उरतात. ५१ म्हणजे ‘3’ हा इंग्रजी आकडा. ‘ख’ चा ‘4’ होतो आणि ‘ग’ चा ‘5’. सगळे मराठी पत्र आकडे आणि इंग्रजी अक्षरांची खिचडी होऊन बसते.

कर्मिट असे बाइट ओळखून त्यांच्याआधी एक खूण लावतो आणि सात बिट्सच्या वाटेवरूनही आठ बिट्सची फाइल सुखरूप पोचवतो. पुढे कर्मिटमध्ये मोठी पाकिटे आणि एका वेळी अनेक पाकिटे वाटेत ठेवण्याची ‘सरकती खिडकी’ आली. त्या सोयी चालू केल्यावर तो पुष्कळ वेगवान होई. पण त्या चालू कराव्या लागतात हे अनेकांना ठाऊक नसे.

मग निवड कशी करायची?

आतापर्यंतच्या विवेचनावरून टर्मिनल सॉफ्टवेअर पारखण्याचे निकष सहज काढता येतात.

१. पलीकडचा संगणक कोणता प्रोटोकॉल बोलतो? नियम दोघांनी पाळायचे असतात. आपल्याकडे झेडमोडेम असून पलीकडे फक्त कर्मिट असेल तर उपयोग नाही. शेल खात्यावर बहुधा ‘एसझेड’ ही झेडमोडेमने फाइल पाठवण्याची आज्ञा मिळे.

२. झेडमोडेम आणि तुटलेली फाइल पुढे चालू करण्याची सोय आहे का? विंडोज ३.१ बरोबर येणाऱ्या ‘टर्मिनल’ मध्ये फाइलींसाठी फक्त एक्समोडेम आणि कर्मिट होते. ज्यांनी हाताशी आहे म्हणून तेच वापरले, त्यांनी वेगवान मोडेमचा बराचसा पैसा फुकट घालवला. डॉसवर चालणाऱ्या टेलिक्समध्ये झेडमोडेम होता. प्रोकॉमच्या जुन्या आवृत्त्यांत तो नव्हता, प्रोकॉम प्लसच्या पुढच्या आवृत्तीत आला. ज्या सॉफ्टवेअरमध्ये नसे, त्याला फोर्सबर्ग यांचा ‘डीएसझेड’ हा वेगळा प्रोग्राम जोडता येई. विंडोज ९५ बरोबर आलेल्या हायपरटर्मिनलमध्ये झेडमोडेम होता. पुढे विंडोज व्हिस्टापासून हायपरटर्मिनल विंडोजबरोबर मिळेनासे झाले.

३. संगणक आणि मोडेम यांच्यामधला वेग किती ठेवता येतो? मोडेम स्वतः माहिती दाबून लहान करीत असेल, तर संगणकाने त्याला ती तारेच्या वेगापेक्षा जास्त वेगाने पुरवायला हवी. म्हणून १४,४०० च्या मोडेमसाठी संगणकाच्या पोर्टचा वेग ३८,४०० ठेवत. मात्र झिप केलेली फाइल आधीच दाबलेली असते. ती मोडेमला आणखी लहान करता येत नाही.

४. संगणकातील पोर्टची चिप कोणती? जुन्या ८२५० चिपमध्ये आलेला एकच बाइट ठेवण्यापुरती जागा असे. ३८,४०० च्या वेगाने दर पाव मिलिसेकंदाला नवा बाइट येतो. तेवढ्यात संगणकाचे लक्ष दुसरीकडे असले की आधीचा बाइट गेला. १६५५०ए या चिपमध्ये १६ बाइटची जागा होती, म्हणजे चार मिलिसेकंदांची सवड. विंडोजवर फाइली वारंवार अडखळत असतील, तर दोष टेलिफोन खात्याचा नसून या चिपचा असण्याची शक्यता मोठी असे.

५. ‘थांब’ आणि ‘पाठव’ हे कसे सांगितले जाते? एका पद्धतीत त्यासाठी १९ आणि १७ क्रमांकांचे बाइट वापरतात. पण प्रोग्रामच्या फाइलमध्ये १९ हा बाइट स्वाभाविकपणेही येतो आणि काम विनाकारण थांबते. दुसऱ्या पद्धतीत केबलमधल्या स्वतंत्र तारा हे काम करतात. तिला हार्डवेअर हँडशेक म्हणतात. फाइलींसाठी हीच निवडावी.

६. काम चालू असताना सेकंदाला किती बाइट आले आणि किती वेळा पुन्हा पाठवावे लागले हे पडद्यावर दिसते का? हे दोन आकडे म्हणजे तापमापक. वेग कमी आणि चुका शून्य, तर दोष वाट पाहण्यात, म्हणजे प्रोटोकॉलमध्ये. वेग कमी आणि चुका भरपूर, तर दोष तारेत किंवा चिपमध्ये.

शेवटचा निकष शिक्षकांच्या विशेष उपयोगाचा आहे. यंत्र नीट चालत नसले की आपण चटकन नवे यंत्र घ्यायला निघतो. आधी मोजावे आणि वेळ कोठे जातो ते शोधावे, ही सवय या उदाहरणातून मुलांना लावता येईल.

वर्गात करून पाहा

व्हरांड्याच्या एका टोकाला ‘पाठवणारा’ आणि दुसऱ्या टोकाला ‘घेणारा’ उभा करा. एका वाक्याचे बारा तुकडे करून बारा चिठ्ठ्यांवर लिहा आणि त्यांना क्रमांक द्या. अंतर असे ठेवा की चालत जायला दहा सेकंद लागतील.

पहिल्या फेरीत एकच मुलगा एक चिठ्ठी नेऊन देईल, ‘मिळाली’ असा निरोप घेऊन परत येईल आणि मगच दुसरी नेईल. बारा चिठ्ठ्यांना साधारण २४० सेकंद लागतील. दुसऱ्या फेरीत बारा मुलांना एकेक चिठ्ठी देऊन दोन-दोन सेकंदांच्या अंतराने सोडा. शेवटचा मुलगा २२ व्या सेकंदाला निघेल आणि ३२ व्या सेकंदाला पोचेल. चालण्याचा वेग दोन्ही फेऱ्यांत तोच होता, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. तिसऱ्या फेरीत सातव्या चिठ्ठीवरचा एक शब्द गुपचूप खोडा. घेणारा ‘सातपासून पुन्हा’ असे ओरडेल. किती चिठ्ठ्या दुसऱ्यांदा पाठवाव्या लागल्या, ते मोजा. फक्त सातवीच मागवता आली असती का, त्यासाठी घेणाऱ्याला काय करावे लागले असते, यावर चर्चा होऊ द्या. मुले बहुधा स्वतःच नवा प्रोटोकॉल तयार करतात.

मोडेम गेला, प्रश्न राहिला

आज टेलिफोनचा मोडेम वापरात दिसत नाही. पण इंटरनेट ज्या टीसीपी या प्रोटोकॉलवर मोठ्या प्रमाणात चालते, त्यातही पावत्या आहेत आणि अनेक पाकिटे वाटेत ठेवणारी सरकती खिडकी आहे. एक्समोडेम आणि वायमोडेम तर अजूनही छोट्या यंत्रांमध्ये पहिला प्रोग्राम भरण्यासाठी वापरले जातात. साधे नियम दीर्घकाळ टिकतात ते असे.

जवळचेच एक उदाहरण पाहू. सांगली आणि कोल्हापूर जिल्ह्यांच्या सीमेवरच्या वारणा खोऱ्यात १९९८ मध्ये सुमारे सत्तर गावे संगणकांनी जोडण्याचा प्रकल्प सुरू झाला. प्रत्यक्षात गावातल्या संगणकाचा मुख्य उपयोग सहकारी कारखान्याच्या ऊस उत्पादकांच्या नोंदी पाहण्यासाठी आणि पाठवण्यासाठी होई. २००७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्चच्या संशोधकांनी त्यांतील सात गावांत आठ महिने एक प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाइलवरून एसएमएसने तीच माहिती मागवायची आणि पाठवायची. संगणकाची सगळी कामे एसएमएसने झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ही पद्धत अधिक सोयीची वाटली.

एका एसएमएसमध्ये १४० बाइट मावतात, म्हणजे १६० इंग्रजी अक्षरे किंवा ७० देवनागरी चिन्हे. एक्समोडेमच्या १२८ बाइटच्या तुकड्याएवढेच हे पाकीट! पण उसाचे वजन आणि खताची नोंद एवढीच माहिती असेल तर ते एकच पाकीट पुरते, आणि पुढच्या पाकिटाची वाट पाहण्याचा प्रश्नच येत नाही. येथे लहान पाकीट योग्य ठरले, झेडमोडेमच्या वेळी अखंड ओघ योग्य ठरला. नेण्याचा माल कोणता आणि वाट कशी, हे दोन्ही वेळा आधी विचारावे लागले.

पाटण किंवा जावळीच्या डोंगरातील एखाद्या शाळेत आजही रेंज येते आणि जाते. तेथे पाठाचा मोठा व्हिडिओ उतरवताना तो तुटला, तर पुढे चालू होतो की पहिल्यापासून सुरू होतो, हे एकदा मुलांसह तपासून पाहा. पहिल्यापासून सुरू होत असेल, तर तुटलेली फाइल पुढे चालू करणारे दुसरे साधन शोधा किंवा पाठाचे लहान भाग करून मागवा. दोन्ही प्रकारे लागलेला वेळ घड्याळ लावून मोजा आणि फळ्यावर लिहा.